चुका सुधारलेली पत्रिका

लेकीच्या लग्नपत्रिका छापून आल्या त्या चुकांनी बुजबुजलेल्या. ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नव्हता. गुरुजींच्याच घरची पत्रिका अशी, लोक काय म्हणतील? या धास्तीनं पिंप्राळ्याच्या रूपचंद गुरुजींनी छापखानेवाल्याला शिव्या घालत एकूण एक पत्रिका पेनानं सुधारली आणि पोस्टात टाकली.

आज मुहूर्त टळायला आला, तरी यावलहून नवरीचे मामा, उखर्डूभाऊ, आले नव्हते. मामाशिवाय नवरीला मांडवात आणणार कोण?

"अक्षत घेऊन माझ्या भावाला बोलवायला कोण गेलं होतं?" नवरीच्या आईनं, कमलबाईंनी, गुरुजींना विचारलं.

"अगं, पत्रिका पाठवली ना! एक चूक ठेवली नाही तीत."

"कागदावर येतो का माझा भाऊ? काना-मात्रा सुधारत बसलात, अन् मामाला बोलवायचंच राहिलं!"