पावणेदोन इंच

"आधी फ्रेम विकत घेतलीत आणि मग फोटो छापायला निघालात? धन्य आहे बाबा तुमची!" आत्यानं काउंटरवरची रिकामी फ्रेम उलटसुलट करून पाहिली. "बूट घेऊन मग मापाचे पाय शोधण्यातला प्रकार हा."

नळदुरुस्तीवाला ओशाळून हसला. "फोटो आहे ना. यात आहे." त्यानं खिशातून काच तडकलेला फोन काढला. "बायकोचा आहे. ती गेली, त्याला सहा महिने झाले. ती धरून घरातले सगळे आहेत, असा हा एकच फोटो. लेक म्हणाली, भिंतीवर लावू."

आत्याची थट्टा तिथंच थांबली. "बसा," ती म्हणाली आणि वायर शोधायला लागली.

आत्या ही खरं तर एकाच भाच्याची आत्या. पण तो लहानपणी दुकानात येऊन दिवसभर तिच्या नावानं ओरडायचा, म्हणून अख्ख्या गल्लीची आत्या झाली. आधी ती एका कचेरीत टायपिस्ट होती. टाइपरायटर अडगळीत गेले, पाठोपाठ तिची नोकरीही गेली. लग्न राहूनच गेलं होतं. मग छपाईचं हे चिमुकलं दुकान काढलं, त्याला बावीस वर्षं झाली. कागद केवढा, चित्र केवढं, कड किती सोडायची, यावर ती येईल त्याला भाषण द्यायची. "मोबाइलवर टवटवीत दिसतो हो! भिंतीएवढा करायला गेलात की नाकाडोळ्यांचे चौकोन होतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत." लोक हसायचे, पण तिचंच ऐकायचे. तिच्या दुकानातून कधी वाकडं काही गेलं नव्हतं, आणि पांढरी कड राहिलेला फोटो तर मुळीच नाही.

फोटो पडद्यावर उघडला. एका घराच्या पायऱ्यांवर दहा-अकरा माणसं उभी होती.

"फोटोत दम आहे. अठरा बाय बारा सहज होईल," आत्या म्हणाली. "पण हा लांबुडका आहे आणि तुमची फ्रेम आखूड. बारा इंच उंची धरली तर रुंदी जाते साडेएकवीसवर. म्हणजे दोन्ही बाजूंनी पावणेदोन पावणेदोन इंच कापावं लागेल. नाहीतर अख्खा लहान करून बसवते, पण मग वर-खाली पांढरं राहील. बघा तुम्ही, काय करायचं?"

तो पडद्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत बसला होता. फोटो बघायचा धीर त्याला सहा महिन्यांत झाला नव्हता. "पांढरं नको," तो म्हणाला. "फ्रेम भरून दिसायला हवा. तुम्हीच बघा."

आत्यानं बघितलं. म्हणजे रंग बघितला, उजेड बघितला, कड सरळ आहे का ते बघितलं. माणसं तिनं बघितली नाहीत. कागदाच्या रुंद गुंडाळीवर फोटो छापला, कटरखाली धरला, डावीकडून खट्ट, उजवीकडून खट्ट, आणि फ्रेममध्ये चपखल बसवून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

"आता फोन पुसला तर चालेल ना?" त्यानं विचारलं. "मोबाइल दुरुस्तीवाला म्हणतो, सगळं पुसल्याशिवाय तो चालू राहणार नाही. पोरीला अभ्यासाला हवाय."

"खुशाल पुसा. कागदावर आलं ते पक्कं."

तो गेल्यावर आत्यानं स्वतःच्या संगणकावरूनही फोटो काढून टाकला. गिऱ्हाइकाच्या घरची माणसं आपल्या दुकानात मुक्कामाला ठेवायची नाहीत, हा तिचा नियम होता.

चारच्या सुमाराला तो परत आला. बरोबर दहा-अकरा वर्षांची लेक होती. त्यानं फ्रेम अलगद काउंटरवर ठेवली.

"आत्या, पोरगी म्हणते, यात ती नाहीये."

"कोण नाहीये?"

"आई," लेक म्हणाली. "ती या टोकाला होती. आतून हात पुसत पुसत आली आणि कडेलाच उभी राहिली."

आत्यानं त्याच्यापुढे हात केला. "फोन?"

"पुसला," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर आत्याला बरं वाटलं असतं.

"दुसरा एखादा असेल की तिचा. असा कसा नसेल?"

"फोटो काढायचा म्हटला की तीच काढायची. मग ती त्यात येणार कशी? ओळखपत्रावर आहे एक, पण त्यात ती आमची आम्हालाच ओळखू येत नाही."

आत्या खाली बसली, ती सरळ कातरणांच्या खोक्यापाशीच. फोटोच्या कापलेल्या पट्ट्या ती फेकत नसे. त्यांचे चार-चार तुकडे करायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकांना चिठ्ठ्या लिहून द्यायची. आपल्या काटकसरीचं तिला कोण कौतुक! आता त्याच कौतुकाचे तुकडे ती खोक्यातून एकेक उपसत होती. एका तुकड्यावर पायरी आणि चपला निघाल्या. एकावर साडीचा घोळ. एकावर कमरेशी धरलेला ओला हात. लेकीनं तो तुकडा दोन बोटांनी उचलला आणि तळहातावर धरून ठेवला.

"वरचा तुकडा?" नळवाल्यानं विचारलं.

चेहऱ्याचा तुकडा खोक्यात नव्हता. आत्यानं डोळे मिटून आठवलं. दुपारी शिवणवाल्या बाई येऊन गेल्या होत्या. त्यांना चिठ्ठी दिली होती, ओळखपत्राचे आठ फोटो, पाच वाजता. चिठ्ठीच्या मागं कोण आहे ते बघायची सवयच नव्हती.

"मी कापलं हो तिला," आत्या म्हणाली. "बावीस वर्षं कडाच बघत आले मी मेली."

"नाही हो" असं तो म्हणाला नाही. बाईंचा फोन लागेना, म्हणून तिघं त्यांची वाट बघत बसली. पाच वाजले, सव्वापाच झाले. एकजण झेरॉक्स काढायला आला, त्याला आत्यानं मशीन बंद आहे म्हणून सांगितलं. मशीन चांगलं घरघरत होतं.

साडेपाचला शिवणवाल्या बाई हाशहुश करत आल्या. "झाले का गं फोटो? बघू तरी, माणसात आलेय का!"

"चिठ्ठी कुठंय?" आत्या ओरडलीच.

"अगं बाई! रोज मी इथं येते, आणि आज चिठ्ठी नसेल तर ओळख नाही की काय?" त्यांनी पर्स काउंटरवर पालथी केली. सुया, टेप, खडू, गोळ्यांचं पाकीट, आणि त्या सगळ्यात चार घड्या घातलेला कागद. आत्यानं तो उलगडून दिव्याखाली धरला. घडीची एक रेघ कपाळावरून गेली होती, एक गालावरून.

"आई," लेक म्हणाली.

शिवणवाल्या बाई आपले फोटो घेऊन बाजूला उभ्या राहिल्या.

मग आत्यानं पदर खोचला. फ्रेममधला फोटो बाहेर काढला, चारही तुकडे त्याच्या कडेला लावून मागून चिकटवले, आणि स्टुलावर चढून वरून त्याचा फोटो घेतला. उजवीकडच्या पट्टीवर नुसती भिंत होती, ती लावलीच नाही. सगळा फोटो लहान करून अठरा इंचांत बसवला. वर अर्धा इंच, खाली अर्धा इंच पांढरं राहिलं.

"घड्यांच्या रेघा पुसून देते मी," ती म्हणाली. "तासाभराचं काम आहे. पण पुसताना चेहरा थोडा माझ्या मनचा होईल, तेवढं सांगून ठेवते."

"मग नको," लेक म्हणाली.

फोटो छापून फ्रेममध्ये बसला. नळवाल्यानं ती हातात घेतली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याची नजर फोटोवर गेली, आणि डाव्या टोकाला जाऊन थांबली.

"समोर बघत नाहीये ती," तो म्हणाला. "सगळे फोटोत आलेत का, ते बघतेय."

त्यानं फ्रेम काउंटरवर उभी केली, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला. लेक त्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली. दारात दोन गिऱ्हाइकं आली. आत्या पायरीवर जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, "थोड्या वेळानं या. आत माणसं बसलीत."