माझी चेन आणि भाऊजींची चेन

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे. माझा रंग एके काळी निळा होता. आता तो कोणता आहे यावर घरात एकमत नाही. माझे बंद तीनदा शिवून झाले आहेत आणि तळाला रेक्झिनचं ठिगळ आहे. पण चेन मात्र मूळची, पितळेची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. या चेनवरूनच आमच्या घरात एकदा मोठा गोंधळ झाला, तो मला तुम्हाला सांगायचा आहे.

कारखान्यातून बाहेर पडल्यावर मला एका ब्रश बनवणाऱ्या कंपनीने घेतलं आणि मावशींच्या हाती सोपवलं. मावशी त्या कंपनीचे ब्रश घरोघरी जाऊन विकत. बाटलीचे, कॉलरचे, जाळीचे, फरशीच्या फटींचे, असे सतरा प्रकार माझ्या पोटात असत. सगळी वस्ती त्यांना ब्रशमावशी म्हणे. दार उघडलं की त्या माझी चेन सर्रकन ओढत, घरातली सगळ्यात कळकट फरशी हेरत आणि तिचा एवढासा चौकोन घासून लख्ख करत. मग उठून नुसत्या गप्प उभ्या राहत. एक चौकोन पांढरा आणि बाकी घर तसंच, हे कुणालाही बघवत नसे. ब्रश खपे.

"नाही आवडला तर महिन्याभरात परत द्या," असं त्या प्रत्येक दारात सांगत. एका आजोबांनी खरोखरच परत दिला. त्यांनी बाटलीच्या ब्रशने मांजराची पाठ घासली होती आणि मांजराला तो पसंत पडला नव्हता. मावशींनी हूं की चूं न करता पैसे परत केले. कंपनीने मावशींना आणखी विक्रेत्या तयार करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी दोघींना शिकवलं. त्या दोघी जे ब्रश विकत, त्यातलं थोडं मावशींना मिळे. नुसतं कुणाचं नाव लिहून आणलं म्हणून कंपनीने कधी फुटकी कवडी दिली नाही. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका दुपारी मावशींचे धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, भर उन्हात टाय लावून आले. भाऊजींनी तोवर चार धंदे केले होते आणि चारही धंद्यांनी भाऊजींना सोडलं होतं. मावशींचे गुडघे दुखतात हे त्यांना ठाऊक होतं.

"वहिनी, दारोदार हिंडायचे दिवस गेले," ते म्हणाले. "आता चेनमध्ये या! एकदा चेन लागली की तुम्ही नुसतं बसायचं."

मला वाटलं, माझंच कौतुक चाललंय. मी फुगून बसले. चेन मोठी पाहिजे, चेन तुटता कामा नये, इथपर्यंत मला सगळं पटलं. पण पुढे ते म्हणाले, "चेनमध्ये जितकी जास्त माणसं, तितकं चांगलं," आणि मी दचकले. माझ्या चेनमध्ये आजवर एकदाच माणूस सापडला होता. तो मावशींचा अंगठा होता आणि त्यातून काही चांगलं झालं नव्हतं.

ही चेन वेगळी होती. आधी आपण पैसे भरायचे, मग आपल्याला तांब्याची एक चकती मिळायची आणि मग आपल्याखाली तीन माणसं आणायची. त्यांनी पैसे भरले की त्यातले थोडे आपले. त्या तिघांनी आणखी तीन-तीन आणायची. भाऊजींनी कागदावर गोळे काढले, गोळ्यांखाली गोळे काढले आणि शेवटी कागद संपला. मावशींनी पैसे भरले. चकती टीव्हीवर जाऊन बसली. भाऊजींनी वहिनींना चुंबकाच्या बटणाची चकचकीत बॅग दिली आणि मी कपाटावर गेले. पोटात सतरा प्रकारचे ब्रश असून माझ्या अंगावर बोटभर धूळ! मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी त्या चकचकीत बॅगेचा बंद हातात आला. मला खाली काढलं, ब्रश पलंगावर ओतले आणि माझ्या पोटात गुळगुळीत फॉर्मचा गठ्ठा कोंबला. मावशी निघाल्या समोरच्या शिलाईवालीकडे. दोघींची वीस वर्षांची मैत्री.

"तू म्हणतेस ना, मग माझी ना नाही," शिलाईवाली म्हणाली. "पैसे भरायला मोटरचं मशीन विकून टाकते. संध्याकाळी एक जण बघायला येतोय. पायाचं जुनं आहेच."

त्याच मशीनवर तिने तीनदा माझे बंद शिवले होते. तिचं सगळं घर त्या मशीनवर चालत होतं आणि ती ते मावशींच्या शब्दाखातर विकायला निघाली होती.

"सही कर मग," असं म्हणून मावशींनी माझी चेन ओढली. चेन हलेना. त्यांनी जोर लावला, तरी हलेना. लोक म्हणतात मी मुद्दाम केलं. खोटं कशाला बोलू? एका गुळगुळीत कागदाचा कोपरा माझ्या दातांत अडकला होता.

"ओढाताण करू नकोस, आण इकडे." शिलाईवालीने मला मांडीवर घेतलं, मेणबत्तीचा तुकडा काढला आणि माझ्या दातांवरून फिरवू लागली. हात चालू असताना तिचं तोंडही चालू असतं.

"ती चकती काय करते गं?"

"भाऊजी म्हणतात, घरात ऊर्जा येते."

"तुझ्याकडे आली?"

"दोनदा वीज गेली."

"मेंबर नसलेलं कुणी घेतं ती?"

मावशी विचारात पडल्या. "नाही बाई."

"नाही आवडली तर परत घेतात? तुझ्या ब्रशासारखी?"

"विचारलं होतं. भाऊजी म्हणाले, यशस्वी माणसं मागे वळून बघत नाहीत."

शिलाईवालीने खडू घेतला आणि कापडावर हिशेब मांडला. तीन, नऊ, सत्तावीस. तिला मापांची सवय, चुकायची नाही. "दहाव्या ओळीत साठ हजारांच्या घरात जातात गं. आपल्या गावात तान्ही पोरं धरून इतकी माणसं नाहीत. मग शेवटच्या ओळीखाली कोण?"

"फरशी," मावशी हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात माझी चेन सुटली आणि सगळे फॉर्म जमिनीवर पसरले. शिलाईवालीने एक उचलून पाहिला. वर 'नवीन सदस्याचे नाव' असं छापलं होतं आणि पुढे रिकामी जागा होती.

"वीस वर्षं तू ही चेन उघडलीस की ब्रश निघायचा," ती म्हणाली. "आज माझ्या नावाची जागा निघाली. म्हणजे यातला माल मीच की गं!"

मावशी फॉर्म गोळा करायला खाली वाकल्या. त्यांना रडू आलं. "अगं, मी तुझं मशीन विकायला लावणार होते," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. संध्याकाळी मशीन बघायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. जाताना मावशींनी त्याला घरून आणून एक कॉलरचा ब्रश विकला.

मावशींचे पैसे काही परत आले नाहीत. भाऊजींचेही गेले. त्यांच्या घरी सत्तावीस चकत्या पडून होत्या. त्या शिलाईवालीला दिल्या. कापड कापताना वजन म्हणून ती ठेवते आणि चांगल्या आहेत म्हणते. हल्ली भाऊजीच मला खांद्याला लावून मावशींबरोबर फिरतात. पहिल्याच घरी गुडघ्यावर बसून फरशी घासताना त्यांचा टाय बादलीत बुडाला. फरशी मात्र लख्ख निघाली आणि त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा मला पहिल्यांदाच टवटवीत दिसला.

मित्रांनो, आता माझे थोडेच दिवस उरलेत. तुमच्या घरातल्या बॅगेच्या चेनला अधूनमधून मेण लावत जा, उगाच हिसके देऊ नका. आणि कुणी दुसऱ्या कसल्या चेनमध्ये बोलावलं, तर आधी ती उघडून आत बघा. आत ब्रश असेल तर घासून बघा, पटला तर घ्या. आत तुमच्याच नावाची रिकामी जागा असेल तर मला हाक मारा. या वेळी मी मुद्दाम अडकेन.