एलेव्हेटर बंद

तुमसरच्या ज्या राइस मिलमध्ये बाबा ऑपरेटर होते, तिथला धान वर चढवणारा एलेव्हेटर रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आपोआप थांबायला लागला. बाबा त्याच एलेव्हेटरच्या खड्ड्यात अडकून गेले, त्याच वेळेला. त्याला तेवीस दिवस झाले होते.

"केवळरामभाऊच बंद करून राहिले," बाबांच्या जागी आलेला ईश्वर बाबांचं नाव घेऊन मला म्हणाला. कामगार पावणेचारलाच तिथून काढता पाय घ्यायचे. मालकांनी मला बोलावलं, कारण मिलच्या मशीन मोबाइलवरून चालवायचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं.

भुताबितांवर माझा विश्वास नाही. खरं सांगायचं तर मी बाबांवर चिडले होते. तुंबलेलं धान काढायला सगळेच मशीन चालू ठेवून उतरतात, आणि अडलं की खिशातल्या मोबाइलवर 'बंद' दाबतात. बाबांना एवढंही सुचू नये? आई माझ्याकडून आणि सगळ्यांकडून रोज हेच ऐकत होती.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये बटण थेट मशीनला हात लावत नाही. स्क्रीन वेगळी, मशीनची माहिती वेगळी, मधे कंट्रोलर. दाबलेल्या प्रत्येक बटणाची एक कमांड बनते, कुणी काय सांगितलं ते लिहिलेली, आणि ती रांगेत लागते; पुढच्या संपल्या की चालते. या रचनेचा मला फार गर्व होता.

मी स्क्रीनसमोर बसले. चार दहा झाले. एलेव्हेटर थांबला आणि स्क्रीनवर आलं: 'केवळराम. एलेव्हेटर बंद.'

मी अडकलेल्या कमांडची यादी उघडली. त्या दिवशी बाबांच्या पुढं अकरा कमांड होत्या: गेट उघड, पंखा वाढव, असल्या. त्या एकेक करून चालेपर्यंत एलेव्हेटर फिरतच राहिला; मग कुणीतरी मेन स्विच पाडला आणि बाबांच्या कमांड रांगेतच अडकल्या. अडकलेल्या कमांडमधली रोज त्याच वेळेला एक चालवायची, ही सोयही माझीच.

बाबांनी 'बंद' सव्वीस वेळा दाबलं होतं. आज त्यातली तेविसावी चालली.

"उरलेल्या पुसून टाक," मालक म्हणाले. माझ्यानं ते झालं नाही.

घरी आई सुपात तांदूळ निवडत होती. "आई, बाबानं बटण दाबलं होतं. सव्वीस डाव."

तिचा चेहरा एकदम उजळला. "मी सांगतच होती सगळ्याईले! माहा माणूस तसा नोहोता." मग ती थांबली. "मंग मशीन काहून नाई थांबली, हर्षा?"

मला रडू आवरेना. "माह्यामुळं, आई. बाबाले रांगेत मीच उभं केलं होतं."