पिंडरांच्या घरातली ओगल

इंग्लंडातल्या केल्थॉर्प गावात पिंडर हे आडनावही होतं आणि हुद्दाही. गावच्या शेतांना कुंपण नाही, एकाची पट्टी दुसऱ्याच्या पट्टीला चिकटलेली. कुणाचं जनावर सुटलं की ते सरळ शेजाऱ्याच्या गव्हात तोंड घालणार. ते धरायचं, चर्चमागच्या गोल दगडी कोंडवाड्यात घालायचं, चारापाणी करायचं आणि धनी दंड भरेपर्यंत सोडायचं नाही, हे पिंडरचं काम. कामाबरोबर कोंडवाड्याला लागून असलेलं घर मिळायचं. आणि पिंडर व्हायचा तो पिंडरांच्याच घरातला. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचाराल तर गावातला एकही माणूस सांगू शकणार नाही. पण मोडायचं म्हटलं तर सगळे अंगावर येतील.

म्हातारा पिंडर सुगीच्या दिवसांत वारला. त्याचे गुडघे कधीचेच गेले होते, आणि तेव्हापासून जनावरांमागे त्याची मुलगी हेस्टरच धावत होती. पावसात, चिखलात, एकदा तर अंगात ताप असताना. तेव्हा गावाला काही अडचण वाटली नाही. बाप गेला आणि पंचांना एकदम आठवलं की हेस्टर लग्न झालेली बाई, तिचं आडनाव ओगल.

"तुझ्या कामाला कोण नावं ठेवतंय?" पंचांचा म्होरक्या ऍम्ब्रोज टॉम्लिन तिच्या दारात उभा राहून म्हणाला. "पण रीत आहे ना, पोरी. पिंडर हवा. लीड्सला तुझा चुलतभाऊ आहे म्हणे, क्लिफर्ड. त्याला कळवलंय आम्ही."

"मग माझं काय? या घराचं?"

ऍम्ब्रोज टोपी हातात फिरवत राहिला. "त्याला स्वयंपाकपाणी करायला कुणीतरी लागेलच की."

हेस्टरनं त्याच्या तोंडावर दार लावलं. बरंच केलं, मी तर म्हणेन उशीरच केला. याच ऍम्ब्रोजचा वळू तिनं तीन वेळा ओढून आणला होता, आणि तिन्ही वेळा त्यानं दंड भरताना असं तोंड केलं होतं की जसं काही बाईनंच वळू सोडून दिला.

क्लिफर्ड आला तो पंचायतीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या बसनं. गॅस कंपनीच्या कचेरीतून निवृत्त झालेला, बायको गेलेली, गोल चष्मा, चकचकीत बूट. हेस्टरनं मनात ठरवलं होतं की त्याला चहासुद्धा विचारायचा नाही. पण त्यानं दारात टोपी काढली, कोंडवाड्याच्या भिंतीकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. मग काय, तिनं किटली चढवली.

"जन्मभर लोकांना सांगत आलो मी," तो केकचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाला, "की पिंडर म्हणजे कोंडणारा. आज पहिल्यांदा बघतोय. लीड्सच्या टेलिफोनच्या पुस्तकात आमच्या नावाची नुसती रांग लागलीय. खाटीक पिंडर, दातांचा डॉक्टर पिंडर. पलीकडे बहामा बेटांवर तर म्हणे दगड मारावा तर पिंडरलाच लागेल."

"आणि त्यातल्या कितीजणांनी गाय धरलीय?"

"एकानंही नाही," क्लिफर्ड हसला. मग जरा ओशाळून म्हणाला, "मला तर गायीची भीती वाटते, हेस्टर. खरं सांगतो."

तिलाही हसू आलं. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

"मग पहिला पिंडर कोण रे?" तिनं विचारलं.

"कोण जाणे. असेल कुणी विल नाहीतर ऍडम. त्या काळी गरिबाला आडनाव कुठलं? जनावरं कोंडायचा म्हणून लोक पिंडर म्हणायला लागले. पुढे पोरांनी काम सोडलं, शहरात गेली, नाव तेवढं बरोबर नेलं." त्यानं चुलीवरच्या फळीकडे बोट केलं. "हा कोण?"

फळीवर जोनासचा फोटो होता. जोनास ओगल, तिचा नवरा. उत्तरेकडच्या खाणीतून कामाच्या शोधात आलेला, अनाथाश्रमात वाढलेला. आईबापांकडून त्याला मिळालं ते एक आडनाव, दुसरं काही नाही. केल्थॉर्पला तो वीस वर्षं राहिला. कोंडवाड्याची ढासळलेली भिंत त्यानं एकट्यानं पुन्हा रचली. पण गावानं त्याला कधी ओगल म्हटलं नाही. पिंडरचा जावई. दुकानात पिंडरचा जावई, दारूच्या गुत्त्यात पिंडरचा जावई. तो हसून ओ द्यायचा. रात्री मात्र एकदा म्हणाला होता, "आपल्याला पोर असतं, तर त्याला तरी कुणी ओगल म्हणून हाक मारली असती गं." पोर झालं नाही. तीन हिवाळ्यांपूर्वी छातीत कफ होऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी 'नांगर' या गुत्त्याच्या मोठ्या खोलीत पंचायत बसली. शपथ द्यायला जहागिरीचा कारभारी शहरातून आला होता, बारा पंच भिंतीकडेनं बसले होते, आणि निम्मं गाव दारात दाटलं होतं. हेस्टर वारलेल्या पिंडरच्या वतीनं कोंडवाड्याची किल्ली परत द्यायला आली होती.

कारभारी वकील माणूस, डोक्यानं तल्लख. त्यानं क्लिफर्डकडे बघितलं, त्याच्या बुटांकडे बघितलं आणि ऍम्ब्रोजच्या कानात काहीतरी सांगितलं. ऍम्ब्रोजचा चेहरा खुलला.

"हेस्टर, सुटला बघ प्रश्न," तो म्हणाला. "तू माहेरचं नाव पुन्हा लाव. हेस्टर पिंडर म्हणून शपथ घे. काम तुझं, घर तुझं, रीतही राहिली. क्लिफर्ड, तुमची काही हरकत?"

"छे, छे," क्लिफर्ड म्हणाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडलेला सगळ्यांना दिसला.

खोलीत सगळे खूष झाले. कुणीतरी तिच्या पाठीवर थापही मारली. हेस्टर पुढे झाली. घर वाचलं होतं. चूल, बागेतली कोबी, खिडकीतून दिसणारी ती भिंत, सगळं. तिनं उजवा हात वर केला.

"मी, हेस्टर..." ती म्हणाली आणि थांबली.

"पिंडर," कारभाऱ्यानं हळूच आठवण करून दिली.

"माहितीय मला माझ्या बापाचं नाव," ती म्हणाली. तिनं हात खाली घेतला. "जोनास तुमच्यात वीस वर्षं होता. त्या भिंतीचा एकेक दगड त्यानं लावला. ऍम्ब्रोज, तुझा मळा बुडाला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात कोण उतरलं होतं तुझ्या मेंढ्या काढायला? त्याचं आडनाव काय होतं, घे बरं तोंडानं. कधी घेतलंयस?"

ऍम्ब्रोजनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"त्याच्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती. ती त्यानं मला दिली. तुम्ही त्याला ते नाव लावू दिलं नाहीत, आता मीही पुसून टाकू? नाही जमायचं मला. पहिला पिंडरसुद्धा जन्मानं पिंडर नव्हता, विचारा क्लिफर्डला. जनावरं धरली म्हणून झाला. मी धरते ती ओगल म्हणून धरीन, नाहीतर ही घ्या किल्ली."

तिनं किल्ली टेबलावर ठेवली. आता घर गेलं, हे तिला कळत होतं. रात्रीपासूनच सामान बांधावं लागेल, बहिणीकडे नेवार्कला जावं लागेल, तिथे जिन्याखालची खोली मिळेल, असं सगळं एका क्षणात तिच्या डोक्यात येऊन गेलं.

किल्ली टेबलावर पडून राहिली. क्लिफर्डनं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि तो भिंतीकडे सरकला. पंचांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी घसा खाकरला, कुणी पाईप झाडला. शेवटी कोपऱ्यातला सगळ्यात म्हातारा पंच म्हणाला, "माझ्या गुरांना कुठलं आडनाव कळतंय?" म्हाताऱ्यानं हात वर केला. मग शेजारच्यानं केला. हळूहळू सगळ्यांनी केला, आणि सर्वांत शेवटी ऍम्ब्रोजनं.

हेस्टरनं शपथ घेतली. हेस्टर ओगल म्हणून घेतली.

आता एकच काम उरलं होतं. नवा पिंडर झाला की पंचांच्या म्होरक्यानं गुत्त्याच्या दारात उभं राहायचं आणि त्याचं नाव चारी बाजूंच्या शेतांना ऐकू जाईल असं तीनदा पुकारायचं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मला माहीत नव्हतं. ऍम्ब्रोज उठला. लोकांनी वाट दिली. बाहेर गारठा होता, समोर चर्चचं आवार आणि त्यात जोनासची कबर.

"ओगल," त्यानं पुकारलं. "हेस्टर ओगल, केल्थॉर्पची पिंडर."

पहिल्यांदा आवाज नीट निघालाच नाही. दुसऱ्यांदा निघाला. तिसऱ्यांदा त्या धिप्पाड माणसानं टोपी काढली आणि असा काही ओरडला की चर्चवरचे कावळे उडाले, आणि तळ्याकाठी बादल्या भरणाऱ्या बायका मान वर करून बघायला लागल्या.

हेस्टर त्याच्या मागेच उभी होती. एवढा मोठा घसा होता मेल्याला, जोनास जिता असताना एकदा हाक मारली असती तर काय बिघडलं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि मग सगळ्या गावासमोर ती रडली.