पुढचा ब्रेक

वस्तादांनी मोटरसायकलचा मागचा ब्रेक दाबला आणि गाडी नेहमीच्या रीतीने थांबली. आधी मागचं चाक खरखरलं, मग गाडी सरळ घसरत गेली, मग सगळं शांत झालं. जिथे थांबायचं होतं तो नारिंगी शंकू मात्र केव्हाच मागे पडला होता. त्यांनी मान वळवून पाहिलं. मैदानाच्या सिमेंटवर चाकाची काळी रेघ उमटली होती, पट्टीने आखल्यासारखी सरळ.

"बावन्न फूट," शिकवणाऱ्या बाई मोजायची फीत गुंडाळत म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि उन्हाने नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"फुटांचं सोडा मॅडम, रेघ बघा. कुठे वाकलीय का?"

"रेघ सुरेख आहे, काका. पण शंकूच्या जागी माणूस असता तर त्याला त्या रेघेचा काय उपयोग?"

बाकीचे तिघे हसले. एक स्कूटरवर कामाला जाणारी नर्स होती आणि दोघे घरोघरी पार्सल पोचवणारे. वस्तादही हसले, पण ओठांपुरतंच.

"तुम्ही गाडी फार छान चालवता," बाई जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "थांबवता वाईट."

चौतीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. एखादी आजीबाई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली की फोन यायचा आणि हत्यारांची पिशवी टाकीवर टाकून वस्ताद निघायचे. इतक्या वर्षांत ते एकदाच पडले होते, तेही पहिल्याच वर्षी. रस्त्यावर वाळू होती, पुढचा ब्रेक कचकन लागला आणि गळ्याचं हाड मोडलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वस्तादांनी ताक प्यायचंच सोडलं. त्या दिवसापासून पुढच्या ब्रेकला त्यांचा हात म्हणून लागला नाही.

बरं, स्वतःपुरतं ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण अर्धी गल्ली त्यांच्याकडे गाडी शिकली होती. वस्ताद हे नाव त्यातूनच पडलेलं. शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी ते एकच गोष्ट सांगायचे: "पुढच्या ब्रेकने गाडी थांबत नाही, माणूस उडतो." आणि नुसतं सांगून भागायचं नाही. हत्यारांच्या पिशवीतून वायरींना लावायची काळी चिकटपट्टी काढून ते पुढच्या ब्रेकचा दांडा बुडाशी गुंडाळून जाम करून टाकायचे, म्हणजे तो दाबला जायलाच नको. महिनाभराने पट्टी निघायची. तोवर बोटांची सवय मोडलेली असायची.

आज या वर्गाला ते शिकायला आलेच नव्हते. त्यांना लेकीने पाठवलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी जावई अपघातात गेला, तेव्हापासून ती बापाकडेच होती. घरात दोघंच. ती कामावर जायची, यायची, विचारलं तेवढंच बोलायची. तिने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात जेवताना मात्र म्हणाली, "मला गाडी शिकायचीय."

वस्तादांचा घास हातातच राहिला.

"सुरक्षित चालवायचा वर्ग असतो म्हणे, दोन दिवसांचा. तुम्ही आधी जाऊन बघाल का, बरा आहे का ते?"

"मी घरात असताना वर्ग कशाला?"

"म्हणून तर तुम्हाला सांगते. पारखायला तुमच्याइतकं कळणारं कोण आहे?"

एवढ्यावर वस्ताद हरभऱ्याच्या झाडावर चढले. उतरायची वेळ आता, या मैदानावर आली होती.

बाईंनी सगळ्यांना सावलीत बोलावलं. थांबताना गाडीचं सगळं वजन पुढे येतं, त्या म्हणाल्या. मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं घसरत जातं. थांबवायचं खरं काम पुढचं चाक करतं. दोन्ही ब्रेक एकत्र लावायचे, पण पुढचा झटक्याने नाही. "लिंबू पिळता ना, तसा. आधी हळू, मग घट्ट, मग आणखी घट्ट."

"आणि वाळू असली तर?" वस्तादांनी विचारलं.

"वाळूवर जपूनच. पण काका, रोज तुम्ही किती वेळ वाळूवर चालवता?"

पुढच्या फेरीला वस्ताद निघाले. ब्रेक लावायची खूण आली आणि उजव्या हाताची बोटं मुठीवरून हललीच नाहीत. दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन बोटं आधीपासूनच दांड्यावर ठेवली. खूण आली, त्यांनी दात आवळले आणि लिंबू पिळलं. गाडी पुढून वाकली, छाती टाकीकडे ओढली गेली, आणि गाडी थांबली. घसरली नाही, उडाली नाही. शंकू अजून पुढे होता.

"एकोणतीस!" बाई ओरडल्या. नर्सने टाळ्या वाजवल्या.

वस्तादांनी गाडी वळवली. "पुन्हा करतो."

तीस. अठ्ठावीस. पुन्हा एकोणतीस.

"काकांना नाद लागला!" पार्सलवाल्यांपैकी एक म्हणाला.

नाद नव्हता तो. हे खोटं निघावं म्हणून ते जिवाच्या आकांताने गाडी पळवत होते. एकदा तरी चाळीस फुटांच्या पुढे जावी, एकदा तरी घसरावी, एकदा तरी आपण उडून पडावं. सहाव्या फेरीनंतर ते उतरले आणि बाईंकडे फीत मागितली. ब्रेक लावायच्या खुणेपासून त्यांनी स्वतः मोजलं आणि सेहेचाळीस फुटांवर चपलेच्या टाचेने सिमेंटवरच्या धुळीत रेघ ओढली. मग त्या रेघेवर उभे राहून आपल्या थांबलेल्या गाडीकडे बघत राहिले. मध्ये सतरा फूट मोकळी जमीन होती.

सेहेचाळीस हा आकडा त्यांना पाठ होता. बाजूच्या गल्लीतून पाण्याचा टँकर अचानक रस्त्यावर आला, तेव्हा जावयाच्या गाडीच्या मागच्या चाकाने टँकरपर्यंत ओढलेली रेघ सेहेचाळीस फुटांची होती. पोलिसांनी मोजली तेव्हा फितीचं दुसरं टोक वस्तादांनी धरलं होतं. जावई ताशी चाळीसच्या वर कधी जायचा नाही, आणि इथेही बाई चाळीसनेच फेऱ्या मारायला लावत होत्या. त्या दिवशी ती रेघ बघून वस्तादांना रडता रडता अभिमानसुद्धा वाटला होता, कारण ती वाकली नव्हती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "त्याची काडीची चूक नाही. मी शिकवलं तसंच केलं त्याने, अगदी शेवटपर्यंत." लेकीलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. एकदा नाही, कितीदा तरी. तिला त्याने धीर येईल असं त्यांना वाटायचं.

"बरं वाटत नाही का, काका?" बाई पाण्याची बाटली घेऊन आल्या.

"हे सगळ्यांना माहीत असतं?"

"काय?"

"हे. पुढच्या ब्रेकचं."

"नवं काहीच नाही त्यात. गाडीबरोबर पुस्तिका मिळते ना, तिच्यातही लिहिलेलं असतं. वाचत कुणी नाही."

वस्तादांनी बाटली घेतली आणि न उघडताच परत दिली. एकाने वाचली होती. जावई ग्रंथालयात कामाला होता. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा तो वाचायचा. नवी गाडी घेतली त्याच दिवशी ती पुस्तिका हातात धरून त्याने विचारलं होतं, "मामा, यात तर दोन्ही ब्रेक लावा म्हणतात." आणि वस्ताद म्हणाले होते, "लिहिणारा कधी वाळूवर पडला नसेल." जावई हसला. "तुम्ही सांगाल तसं, मामा," म्हणाला आणि पुस्तिका कपाटात ठेवून आला. गल्लीतल्या बाकीच्यांनी पट्टी निघाल्यावर आपापल्या मनाचं केलं असणार. हा एकच असा निघाला, की ज्याने वस्तादांचं ऐकलं.

संध्याकाळी घरी येताना वस्ताद इतके सावकाश चालवत होते की सायकलवालेही पुढे जात होते. घरी गेल्यावर लेक विचारणार होती, वर्ग कसा आहे. एक वाक्य पुरलं असतं: बेकार आहे, वेळ फुकट गेला. तिने विश्वास ठेवला असता. ती वर्गाला गेली नसती, त्या मैदानावर उभी राहिली नसती, तिला कधीच कळलं नसतं. बाप आहे तसा राहिला असता. ते वाक्य त्यांनी हेल्मेटच्या आत दोनदा म्हणून पाहिलं आणि तिसऱ्यांदा म्हणताना पुढचं दिसलं: ती म्हणेल, मग तुम्हीच शिकवा. आणि मग आपण पिशवीतून काळी पट्टी काढणार. की पट्टी न लावता शिकवणार आणि हे कुठून शिकलात म्हणून ती विचारेल तेव्हा तोंड लपवणार? चौकातला दिवा हिरवा झाला तरी ते तसेच उभे होते. मागच्याने भोंगा वाजवला तेव्हा निघाले.

लेक स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मटार सोलत होती. समोर परात, बाजूला टरफलांचा ढीग.

"आलात? कसा आहे वर्ग?"

वस्ताद चपला काढायचं विसरून आत आले होते. ते परत दारात गेले, चपला काढल्या आणि तिच्यासमोर भिंतीला टेकून खाली बसले.

"चांगला आहे. तू जा. आणि मी आजपर्यंत गाडीबद्दल जे जे सांगितलं, त्यातलं एक अक्षर ऐकू नकोस."

तिने वर पाहिलं नाही. "का?"

"पुढचा ब्रेक लावायचा असतो. त्यानेच गाडी थांबते." आता थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही हे त्यांना कळत होतं. "त्याने लावला असता तर तो थांबला असता. सतरा फूट आधी. मी मोजलं आज, पुन्हा पुन्हा मोजलं. त्याने पुस्तिकेत वाचलं होतं, मला विचारलंही होतं. मीच नको म्हणालो. माझ्यामुळे..."

पुढचं वाक्य झालं नाही. म्हातारी माणसं रडताना वेडीवाकडी दिसतात. वस्तादांनी दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. लेक शेंगा फोडत राहिली.

"माहितीय मला," लेक म्हणाली.

त्यांनी हात खाली घेतले.

"चार महिने झाले. शनिवार-रविवार दोन्ही दिवस मैत्रिणीकडे जाते म्हणाले होते ना? हाच वर्ग. त्याच मॅडम."

"तुला गाडी..."

"येते. मैत्रिणीच्या गाडीवर शिकले. वर्गात दुसऱ्या दिवशी परीक्षा असते, ती पासही झाले." तिने एक शेंग उचलली आणि न सोलता हातात धरून ठेवली. "पहिल्या दिवशी घरी आले, तर तुम्ही माझ्यासाठी वाढून ठेवलं होतं. वर म्हणालात, त्याला हे फार आवडायचं. मला तुमच्या तोंडाकडे बघवेना, बाबा. वाटलं, बॅग भरावी आणि कुठेतरी निघून जावं. सांगूबिंगू काही नये."

"मग गेली का नाहीस?"

"रोज संध्याकाळी तुमच्या गाडीचा आवाज येईपर्यंत मी त्या खिडकीत असते. तुम्हाला माहितीय? रोज. आधी नव्हते, वर्गाला जाऊन आल्यापासून. कारण तुम्हीही तसाच ब्रेक लावता. माझं ऐकलं असतंत का तुम्ही? त्याचं कुठे ऐकलंत? म्हणून म्हटलं, परक्या माणसाकडून कळू दे. मैदानावर."

बाहेर जिन्यावर कुणाच्या तरी पावलांचा आवाज वर चढत गेला आणि थांबला.

"फार राग आहे ना तुला माझा?"

"आहे." पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. डोळे कोरडे होते. "किती आहे ते माझं मलाच कळत नाही. पण तो काढायला तुम्ही असायला हवेत ना?"

"मग काढ. आत्ता काढ."

तिने परात उचलली. दाणे परातीत इकडून तिकडे घरंगळत होते. तिने ती ओट्यावर ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि पाठमोरी उभी राहून म्हणाली,

"आज नको. उद्या तुमची परीक्षा आहे."