अकरा सेकंदांचा तुकडा

लोखंडी जिना चढून हौसा मशीनच्या खोलीत शिरली तेव्हा जोसेफ प्रोजेक्टरच्या दिव्याची कार्बनची कांडी बदलत होता. त्यानं मान वर केली आणि आधी तिच्यामागं कुणी पुरुष आहे का ते पाहिलं. रोह्याच्या या टॉकीजला सकाळच्या खेळाला बाया येत नसत. या खोलीत तर त्याच्या नोकरीच्या बावीस वर्षांत एकही आली नव्हती.

पडदा बघायचाय, असं ती म्हणाली. खाली बसता येणार नाही, म्हणून वर आले. जोसेफनं नकार दिला. मालकाला कळलं तर नोकरी जाईल, आणि हा सिनेमा बायांनी बघण्यासारखा नाही, असं त्यानं खाली बघत सांगितलं.

"मी आहे त्यात," हौसा म्हणाली.

जोसेफनं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग तो भिंतीतल्या चौकोनी खिडकीपासून बाजूला झाला.

आदल्या दिवशी पोह्याच्या गिरणीत चाळण धरून बसली असताना तिनं हमालांचं बोलणं ऐकलं होतं. सकाळच्या खेळाला गेले तीन आठवडे मध्येच एक तुकडा जोडलाय, त्यात मिठागराच्या पाण्यात एक पोरगी अशी काही तडफडते की पब्लिक दोनदा बघायला येतं, असं एकजण सांगत होता. हौसाची चाळण तशीच थांबली. पोरीनं हिरवी साडी नेसलीय का, असं तिला विचारावंसं वाटलं. पण न विचारताच ते तिला कळलं होतं.

आता खिडकीतून तिला ती हिरवी साडी दिसली. गुडघाभर खारं पाणी, बाजूला मिठाचे ढीग, वरून पाइपानं पाडलेला खोटा पाऊस. पुढं भूमिका नावाची तिच्याबरोबरची पोरगी, मागं स्वतः हौसा. भूमिकाची मान एकदम मागं गेली. हात ताठ झाले, बोटं वाकडी झाली, आणि ती पाण्यात कोसळून हिसके देऊ लागली. खाली अंधारात शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी खुर्ची बडवली. मग पडद्यावर दुसऱ्याच सिनेमातलं घर आलं आणि एक म्हातारा मुलाला उपदेश करू लागला.

"ती नाटक करत नव्हती," हौसा म्हणाली. "मरत होती."

जोसेफचा हात यंत्रावर होता, तिथंच राहिला.

तिनं त्याला सगळं सांगितलं. कुणाला पहिल्यांदाच सांगत होती. पेणचा हैबतराव असले सिनेमे काढायचा. त्याच्या वीटभट्टीमागच्या बंगल्यात नऊ बायका एका खोलीत राहायच्या. कोऱ्या कागदावर सह्या घेतलेल्या. नाव बदलू, तुमच्या जिल्ह्यात दाखवणार नाही, असा शब्द दिलेला. कपडे बदलायला काथ्यावर टांगलेली एक चादर. शॉट होईपर्यंत जेवण नाही, कारण पोट दिसतं. ताप आला तर एक पांढरी गोळी आणि वर पावडर. तीन दिवस त्या नऊजणींनी मिठागराच्या पाण्यात काम केलं होतं. तळपाय फाटले होते आणि त्यात मीठ जात होतं.

खोट्या पावसासाठी पाण्यात मोटार टाकलेली होती. तिच्या वायरीचा जोड नुसता चिकटपट्टीनं गुंडाळलेला. भूमिका सकाळी म्हणाली, पायाला मुंग्या येतात. दुपारी पुन्हा म्हणाली. लाइटवाल्यानंही सांगितलं, जोड उघडा पडलाय, बंद करू. हैबतराव खुर्चीतून उठलासुद्धा नाही. अंग चोरू नको, एवढा एक शॉट होऊ दे, असं म्हणाला. आणि ती ताठ झाली तेव्हा कॅमेरावाला थांबायला लागला, तर ओरडला, चालू ठेव.

"अकरा सेकंद आहे तो तुकडा," जोसेफ म्हणाला. "शिट्ट्या तिथंच पडतात. मी... मला वाटलं..."

तो पुन्हा कांडी सारखी करू लागला.

हौसाला तो तुकडा हवा होता. खेळ संपल्यावर रीळ उलटं गुंडाळताना काढून द्या, असं ती म्हणाली. जोसेफ स्टुलावर बसला. त्याची बायको, दोन मुलगे इथल्या इतर बेने इस्रायली ज्यू कुटुंबांसारखे केव्हाच इस्रायलला गेले होते. त्याचीही कागदपत्रं झाली होती, पुढच्या महिन्यात निघायचं होतं. पोलिसांत प्रकरण गेलं तर त्याला अडकवून ठेवतील. देतो, पण माझं नाव कुठं घेऊ नको, अशी त्यानं विनवणी केली.

"घेणार," हौसा म्हणाली. "तीन आठवडे तो तुम्हीच चालवलात."

तिला स्वतःलाच वाटलं, हा माणूस आता जिना दाखवेल. पण खेळ संपल्यावर त्यानं रीळ टेबलावर घेतलं, ब्लेडनं दोन ठिकाणी कापलं, उरलेली टोकं जोडली आणि ती दहाबारा हात फिल्म पावडरच्या रिकाम्या डब्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. झाकण बसेपर्यंत त्याचा अंगठा डब्यावर होता.

दुसऱ्या दिवशी ती कोलाडजवळच्या वाडीत काशीबाईकडं गेली. काशीबाई भूमिकाची आई. हौसा त्या घरी एकदाच आली होती, दीड वर्षापूर्वी, मृतदेहाबरोबर. त्या दिवशी हैबतरावनं सगळ्या बायकांना खोलीत कोंडून बजावलं होतं की जी तोंड उघडेल तिचे फोटो तिच्या गावच्या चावडीवर लागतील. आणि हौसा जुनी, शहाणी म्हणून निरोप पोचवायला तिलाच पाठवलं होतं. भूमिका पॅकिंगच्या कंपनीत होती, कंपनीच्या पोरी पेणला सहलीला आल्या, पाय घसरून खाडीत बुडाली. हे तिनं या अंगणात उभं राहून सांगितलं होतं, आणि सांगताना रडलीही होती.

काशीबाई वाल सोलत होती. हौसाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं नाही. हौसा उभ्या उभ्याच म्हणाली की भूमिका बुडाली नव्हती, मी खोटं बोलले. विजेचा धक्का बसला. ज्याच्यामुळं बसला त्याच्यावर केस करायचीय आणि ओळख पटवायला तुम्ही पाहिजेत.

"म्हाईत हाय," काशीबाई म्हणाली.

हौसा अंगणातच खाली बसली.

"मीच आंघोळ घातली ना तिला. दोनी तळपाय करपलेले. बुडालेल्या मानसाचे पाय करपतात काय गो?" तिनं मूठभर दाणे भांड्यात टाकले. "वरीस झालं, दीड झालं. तू कवा येतंस, वाट बघत व्हते."

तिनं लुगडं बदललं, दाराला कडी लावली आणि हौसाच्या पुढं चालू लागली.

एसटीत दोघी एकाच बाकावर बसल्या. मोटारीचं सांगून झालं होतं. पण मोटार कशासाठी होती, भूमिका कसलं काम करत होती, ते हौसानं सांगितलं नव्हतं. पेणला पोचायच्या आत सांगायला हवं होतं. नाहीतर हिला ते पोलिसांसमोर, फिल्म हातात धरून कळणार. नागोठणं आलं की सांगू, असं तिनं ठरवलं. नागोठण्याला गाडी अंबा नदीच्या पुलावरून गेली, काशीबाईनं खिडकीतून पाण्याला हात जोडले आणि हौसाच्या तोंडून शब्द फुटला नाही. मग गडब आलं. रस्त्याकडेच्या दुकानापाशी दोन पोरी कलिंगड खात उभ्या होत्या. काशीबाई त्यांच्याकडं बघत राहिली. हौसानं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पेण आलं तेव्हाही तिनं काही सांगितलेलं नव्हतं.

फौजदार नवा होता, तरुण होता आणि सावध होता. हौसाचं बोलणं त्यानं मध्ये न तोडता ऐकलं. डबा उघडून फिल्मचं टोक उजेडासमोर धरलं, चारदोन चौकटी पाहिल्या आणि पटकन खाली ठेवलं. मग शिपायाला हैबतरावकडं पाठवलं. बोलावून आण म्हणाला नाही. जरा येऊन जा म्हणावं, असं म्हणाला.

हैबतराव आला. पांढरे कपडे, कपाळाला गंध. येत्या निवडणुकीत नगरपालिकेला उभा राहणार होता आणि ठाण्यातल्या निम्म्या लोकांनी त्याला नमस्कार केला. त्याला खुर्ची मिळाली, चहा आला. बायका भिंतीकडेच्या बाकावर होत्या. त्यानं हौसाकडं एकदाच पाहिलं. जुनं देणं मागायला आलेल्या माणसाकडं पाहतात तसं.

"बाई," फौजदार हौसाला म्हणाला, "नीट विचार करा. हे लिहून दिलंत तर पहिला गुन्हा तुमच्यावर. असल्या सिनेमात काम केलं, तुम्हीच सांगताय. यांच्यावरचं सिद्ध करावं लागेल. तुमचं तर कबूलच आहे."

"माहीत आहे. माझं नाव आधी लिहा. पण त्याच कागदावर यांचंही लिहा."

हे तिनं दीड वर्षात कितीतरी वेळा मनात म्हटलं होतं. पोहे चाळताना, पाणी भरताना. आणखीही पुष्कळ म्हटलं होतं. त्याला त्याच मिठागरात उभा करावा, पायाला मुंग्या येतात का विचारावं, आणि हो म्हणाला की आणखी एक शॉट म्हणावं. ते होणार नव्हतं. हे होणार होतं.

तुकडा कुठं मिळाला, फौजदारानं विचारलं. हौसानं जोसेफचं नाव सांगितलं. मागं बसलेल्या हवालदारानं ते लिहून घेतलं.

हैबतरावनं चहा संपवला. आवाज अगदी मऊ ठेवून तो म्हणाला की त्यातली मुलगी कोण, कुठली, कुणाला माहीत. त्या पडद्यावर नावंही खोटी असतात म्हणे. पेणच्या खाडीत एक मुलगी बुडाली होती, त्याचा पंचनामा झालाय, तीच ही, असं कोण म्हणणार?

फौजदारानं काशीबाईकडं पाहिलं. फिल्म तिच्याकडं द्यावी की नाही, त्याला ठरवता येईना. हौसा उठली. तिला म्हणायचं होतं, थांबा, मी आधी बाहेर नेऊन सांगते. पण काशीबाईनं हात पुढं केला होता आणि तिनं फिल्म घेतली.

ती खिडकीपाशी गेली. फिल्म वर धरून डोळे बारीक करून बघू लागली. एक चौकट, मग दुसरी. तिचा अंगठा वर सरकला आणि प्रत्येक चौकटीचा खालचा भाग झाकत गेला. नुसता चेहरा उघडा ठेवून तिनं हातभर फिल्म अशी पाहिली. मग एका चौकटीवर ती थांबली, खूप वेळ थांबली.

"हीच," ती म्हणाली. "माजी भूमिका."

हैबतराव खुर्चीतून पुढं झुकला.

"मावशी, पोर गेली. आता तिची अब्रू कशाला चव्हाट्यावर मांडता? वाडीत तोंड कसं दाखवाल? घरी जा. मी येऊन बोलतो."

काशीबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. फिल्म टेबलावर ठेवून ती फौजदारासमोर उभी राहिली. त्यानं कोरा कागद ओढला. मयताचं नाव विचारलं, वय विचारलं. तेवीस, ती म्हणाली. मग त्यानं काम काय करत होती ते विचारलं आणि न थांबता स्वतःच म्हणाला, पॅकिंग कंपनीत ना?

"नाय. सिनेमात."

हौसाचे हात पिशवीवर तसेच राहिले.

"चार वरसं करत व्हती. मला येऊन सांगितलंन व्हतं तिनी. म्या मारलं तिला त्या दिशी." काशीबाईनं पदर सारखा केला. "यांच्याकडं कामाला व्हती. दोनदा सांगितलंन, पाण्यात करंट हाय. यांनी आयकला नाय. कामावर मेली. तसं लिवा."

फौजदाराचं पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिलं. मग तो लिहू लागला. हैबतराव उठून दाराकडं निघाला तेव्हा वर न बघताच फौजदार म्हणाला, "बसून घ्या, हैबतराव. आता असं जाता यायचं नाही." हवालदार दारात उभा राहिला. या वेळी त्यानं नमस्कार केला नाही.

सगळं लिहून झाल्यावर फौजदारानं वाचून दाखवलं. आरोपींच्या नावांपाशी तो अडखळला. कागद खाली करून काशीबाईला म्हणाला की हौसाबाईंनी स्वतः येऊन सांगितलंय, त्यांच्यामुळंच हे उघड झालं. तुमची त्यांच्याविरुद्ध तक्रार नसेल तर त्यांना नुसतं साक्षीदार करता येतं का ते मी वर विचारून पाहीन.

हौसानं काशीबाईकडं पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की सुटले तर बरं होईल.

"ती पन व्हती तिथं," काशीबाई म्हणाली. "माज्या दारात येऊन खोटं बोलली. राहू द्या तिचं नाव."

फौजदारानं हौसाकडं पाहिलं. हौसानं मान डोलावली, टेबलापाशी गेली आणि सही केली. काशीबाईनं शाईत अंगठा बुडवून तिच्या सहीखाली उठवला.

हैबतरावला आतल्या खोलीत नेलं. हौसाला बाकावर बसायला सांगितलं. तिलाही आज सोडणार नव्हते. काशीबाईनं कोलाडची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. हवालदार म्हणाला, एक आत्ता आहे, दुसरी साडेचारला.

काशीबाई दारापर्यंत गेली. अंगठ्याची शाई तिनं भिंतीला पुसली. मग परत आली आणि त्याच बाकावर बसली, दोघींच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.