कोपऱ्यात न वाजलेला घण

घरात तिला सगळे फौजदार म्हणत, आणि हे नाव काकानेच ठेवलं होतं. त्यामुळे एक दिवस काकावरच नजर ठेवायची पाळी आली तेव्हा तिला ते फार जड गेलं.

शाळेच्या मैदानावर नवी इमारत उठणार होती. त्याआधी खालची माती तपासून अहवाल द्यायचं काम तिच्या आईकडे होतं, आणि जमिनीत भोकं पाडायचं काम काकाकडे. तीन पायांच्या तिकाटण्यावरून दोराने जड घण उचलायचा आणि लोखंडी रॉडच्या डोक्यावर सोडायचा. रॉड खाली जायला जितके ठोके जास्त, तितकी जमीन पक्की. आठवडाभर वर्गात इतिहास कमी आणि धप्प धप्पच जास्त ऐकू येत होतं. शेवटी शेवटी तर फौजदारांना त्या तालावर छान डुलकी लागायची.

आज काका कुंपणाकडच्या कोपऱ्यात गेला आणि आवाजच बंद. तिची झोप उडाली. खिडकीतून पाहिलं तर घण नुसता लटकतोय, काका उलट्या बादलीवर बसलाय, आणि मुख्याध्यापिकाबाई स्वतःच्या हाताने त्याला चहा देतायत. ज्या बाईंनी आजवर कोणाला साधं पाणी विचारलं नव्हतं, त्या.

शाळा सुटल्यावर ती थेट कोपऱ्यात. रॉड बाहेर काढून ठेवले होते आणि सगळेच्या सगळे ओल्या चिखलाने माखलेले. एक ठोका नाही आणि एवढा चिखल? म्हणजे हातानेच फासला असणार, काम झालं असं दाखवायला.

"काका, इथे किती ठोके पडले?"

काकाने घाईघाईने रॉडवर ताडपत्री ओढली. "उद्या सांगतो. तुझं गणित काय म्हणतंय?"

काकाने उभ्या जन्मात तिला गणिताबद्दल विचारलं नव्हतं. संशय यायला आणखी काय लागतं?

घरी आई नकाशा पसरून बसली होती. त्या एका कोपऱ्याचा आकडा यायचा होता. तो भाऊजी सकाळी देतील, मग सही करून मोकळी, असं ती म्हणाली. कोपऱ्यात काय येणार, असं फौजदारांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. जिना, आई म्हणाली. अख्ख्या शाळेचा जिना.

सांगावं तर काका कायमचा दुरावणार. गप्प बसावं तर काका मनाला येईल तो आकडा देणार, आई डोळे झाकून सही करणार आणि घंटा झाली की सगळी पोरं त्या जिन्यावरून धडधडत उतरणार. तिने सांगून टाकलं. भाऊजी इतक्या वर्षांत कधी खोटं बोलले नाहीत, एवढंच आई म्हणाली. पण पेनाला टोपण लावलं.

सकाळी दोघींना एकत्र येताना पाहून काका काय ते समजला. त्याने कालच्या जागेपासून जरा बाजूला रॉड उभा केला.

"भाऊजी, माझ्यासमोर ठोके मारा," आई म्हणाली. तिचा आवाज परका वाटत होता.

"मारतो ना, वहिनी. आधी हे बघा."

काकाने रॉडवरचा हात काढला. रॉड क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग, कोणी खालून हळूच ओढत असावं तसा, आपल्याच वजनाने खाली सरकायला लागला. काकाने वर दुसरा रॉड जोडला. तोही निघाला. घण दोराला तसाच लटकत होता.

कालही असंच झालं, काकाने सांगितलं. आपलंच काहीतरी चुकलं असेल, पुन्हा एकदा खात्री करू आणि मगच वहिनींना सांगू, असं त्याला वाटलं होतं.

"आणि चहा?" फौजदारांनी विचारलं.

"चहाच्या बदल्यात बाईंना बरासा आकडा हवा होता. मी चहा तेवढा प्यालो."

आईने पेनाचं टोपण काढलं आणि नकाशावरच्या जिन्यावर काट मारली.

"काका, मला वाटलं चिखल तू हाताने फासलास."

"मी काय भिंत सारवत होतो? अगं बये, चिखलाचं आधी मला तरी विचारायचंस." तो हसला, पण तिच्याकडे न बघता. तिने पुढे होऊन त्याचा चिखलाने भरलेला हात घट्ट धरला. काकाने तो सोडवून घेतला नाही.

घंटा झाली. ती वर्गाकडे निघाली ती कोपऱ्याला मोठा वळसा घालून. याच मैदानावर ती वर्षानुवर्षं उड्या मारत आली होती. आता मात्र आधी बुटाचं टोक दाबून बघत होती आणि मगच पुढचं पाऊल टाकत होती.